तीन फूट घन सबवूफर

'तीन घनफूट' आणि 'तीन फूट घन' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षी मी आठवीच्या तिन्ही तुकड्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. मुलांना ते इतकं नीट समजलं की परीक्षेत एकाचंही चुकलं नाही. चुकलं फक्त माझं, आणि तेही राहत्या घरात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या बाजारात व्हीसीडी प्लेअर नुकते दिसायला लागले होते, आणि त्यातला एक आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली येऊन बसलाही होता. अशात पुण्याला एका मित्राकडे जाणं झालं. त्यानं मला सोफ्यावर बसवलं, दिवे घालवले आणि पडद्यावर एक विमान सोडलं. विमान डोक्यावरून गेलं आणि माझ्या पोटातला चहा हलला! खरोखर हलला!

"हे काय होतं?" मी पोट धरून विचारलं.

"सबवूफर," मित्र म्हणाला. "खोल, घुमणाऱ्या आवाजाचा स्पीकर. होम थिएटरचा आत्मा."

परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात तेवढा एकच शब्द घुमत होता. विकत घ्यायचा विचार मात्र मनाला शिवला नाही. मी विज्ञानाचा शिक्षक! ध्वनी म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्यानं ध्वनीचा डबा दुकानातून आणायचा? शाळेच्या वाचनालयात इलेक्ट्रॉनिक्सचं एक इंग्रजी मासिक यायचं. (ते मी सोडून कोणी उघडत नसे, आणि मीही चित्रांसाठीच उघडायचो.) त्यात सबवूफर घरी कसा बनवावा यावर चांगला चार पानी लेख सापडला. पेटीचं आतलं आकारमान दिलं होतं, तीन घनफूट. मी उत्साहाच्या भरात वहीत उतरवलं, 'तीन फूट घन', खाली दोन रेघा मारल्या आणि घरी जाहीर केलं.

"अहो, पण टीव्हीला आवाज आहे की," माझी बायको शैला म्हणाली.

"तो कानाला ऐकू येतो. हा पोटाला ऐकू येतो."

"पोटाला ऐकवून काय करायचंय?"

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर नसल्यामुळे मी थेट पांडू सुताराकडे गेलो.

पांडूनं माझा कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"सर, झाकण कुठल्या बाजूला?"

"झाकण नाही."

"मंग उघडायचं कसं?"

"उघडायचंच नाही. हवाबंद पाहिजे."

"आन् आत ठिवायचं काय?"

"हवा."

पांडूनं कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवून दिली. "आन् हे म्होरं गोल भोक?"

"तिथून आवाज येणार."

"कुनाचा?"

मी त्याला ध्वनिलहरी समजावून सांगितल्या. तो शेवटपर्यंत मान हलवत होता. मी निघताना एवढंच म्हणाला, "सर, तीन फूट लांबी, तीन फूट रुंदी आन् तीन फूट उंची? नक्की न्हवं?"

"पांडू, मी हाच विषय शिकवतो," मी म्हणालो. शिकवणाऱ्या माणसापुढे कोण बोलणार?

स्पीकर आणायला मी सांगलीला गेलो. तिथले मगदूम अण्णा गणपती मंडळांना कर्णे आणि ॲम्प्लिफायर बनवून देत. त्यांनी आतून बारा इंची स्पीकर आणला. मागं त्याला भाकरीएवढं लोहचुंबक होतं.

"मंडळ कुठलं म्हणायचं तुमचं?" अण्णांनी विचारलं.

"मंडळ नाही. घरी लावायचाय. हॉलमध्ये."

अण्णांनी स्पीकर हळूच मागं ओढला. "सर, ह्यानं मिरवणूक हालती. तुमी आठ इंची न्या."

"नाही. बाराच. आणि ॲम्प्लिफायरही तुमचा मोठा द्या."

"भिताडं कशाची हायत घराची?"

"विटांची."

"न्या मंग," अण्णा म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

येताना एसटीत स्पीकरची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं तिकिटाला भोक पाडायला चिमटा पुढं केला, आणि तो त्याच्या हातातून सुटून थेट माझ्या पिशवीला जाऊन चिकटला! त्यानं ओढला, मी ओढला, शेजारच्या पैलवानानं ओढला तेव्हा निघाला. कराडपर्यंत अख्खी बस माझ्याकडे बघत होती. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. काय ताकद होती त्या चुंबकाची!

आता घरातली परिस्थिती सांगायला हवी. घरी आम्ही चौघं. मी, शैला, माझे वडील नाना आणि धाकटी बहीण वसू. वसू कॉलेजात असताना कबड्डी खेळायची. स्वभावही तसाच, समोरचा आला की पाय धरून खाली! आलेली तीन स्थळं तिनं तशीच आडवी केली होती. एक 'फार हसतो', दुसरा 'हसतच नाही' आणि तिसरा 'आईकडे बघून हसतो'. नानांची झोप उडाली होती. चौथं स्थळ सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यांचं आलं. मुलगा शिरीष इंजिनिअर, घर चांगलं, आणि येत्या रविवारी दुपारी मंडळी बघायला येणार असं ठरलं.

आणि पांडू पेटी घेऊन आला शनिवारी.

हातगाडीवर दोरीनं बांधलेली ती वस्तू गल्लीत शिरली तेव्हा लहानथोर सगळे बाहेर आले. "सरांनी धान्याची कणगी केली," एक म्हणाला. "छे, फ्रीज हाय!" दुसरा म्हणाला. मी स्वतः ती पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या कल्पनेत ती जरा लहान होती. बरीच लहान होती! ती माझ्या कमरेच्या वर येत होती आणि तिच्या आडोशाला पांडू पूर्ण उकिडवा बसून बिडी ओढत होता.

आमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. जिना अडीच फूट रुंद. पेटी तीन फूट.

"सर," पांडू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आमी लाकूड घनफुटावरच घेतो. ही पेटी सत्तावीस घनफूट भरती. मला वाटलं तुमाला म्हाईत आसंल."

माझ्या डोळ्यांपुढे आठवीच्या तिन्ही तुकड्या उभ्या राहिल्या. पण गल्ली बघत होती.

"मला मोठाच हवा होता!" मी मोठ्यानं म्हणालो.

शेवटी आमचे घरमालक आबा धावून आले. आबा खालच्या मजल्यावर राहत. उभी नोकरी त्यांनी कोयनेच्या धरणावर काढलेली, त्यामुळे जड वस्तू वर चढवणं आणि भूकंप या दोन विषयांत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा. त्यांनी चौघांना गच्चीवर पाठवलं, दोर सोडले आणि गळ्यातली शिट्टी तोंडात धरली. (निवृत्तीनंतरही ते ती शिट्टी घालत. धक्का बसला की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की सगळ्यांनी बाहेर, असा गल्लीचा नियम होता.) "वढाऽऽ! थांबाऽऽ! डावीकडं घ्या!" पेटी हवेत झुलत झुलत वर गेली आणि गॅलरीच्या दुपाखी दारातून हॉलमध्ये उतरली. खालून टाळ्या पडल्या! मी गॅलरीतून हात हलवला.

शैला टाळ्या वाजवत नव्हती.

"उद्या पाहुणे बसणार कुठं?"

हॉलमध्ये आता पेटी होती आणि पेटीभोवती थोडा हॉल होता. शैलानं पेटीवर भरतकामाची चादर घातली, वर फुलदाणी ठेवली आणि माझ्याकडून वचन घेतलं की पाहुणे साताऱ्याची हद्द ओलांडेपर्यंत मी त्या खोक्याला हात लावणार नाही. मी वचन दिलं. मग ती भाजी आणायला गेली, आणि मी हात लावला.

तसा दोषही माझा नव्हता. आवाज घुमू नये म्हणून पेटीच्या आतून कापूस लावायला मासिकात सांगितलं होतं, आणि सत्तावीस घनफुटांना कापूस कमी का लागतो? मी पाहुण्यांच्या दोन्ही गाद्यांची शिवण उसवली, कापूस स्पीकरच्या भोकातून आत कोंबला, स्पीकर बसवला, वायरी जोडल्या, चादर होती तशी केली आणि गाद्या परत शिवल्या.

"अहो, या गाद्या अशा वाळल्या कशा?" रात्री शैलानं विचारलं.

"ऊन फार आहे यंदा."

रविवारी दुपारी मंडळी आली. शिरीष, त्याचे वडील आणि आजी. आजी गुडघ्यानं अधू होत्या. जिना त्यांनी नातवाच्या आधारानं, प्रत्येक पायरीवर एकेका देवाचं नाव घेत चढला. वर आल्या आणि गादीवर टेकल्या.

"अगं आई गं! खाली फरशीच हाय की गं!"

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मी आपली त्या पेटीवर बसते," आजी म्हणाल्या, आणि कोणी काही बोलायच्या आत फुलदाणी बाजूला सारून, नातवाकडून वर उचलून घेत माझ्या सबवूफरवर विराजमान झाल्या. "हां. हे झ्याक हाय."

वसू पोहे घेऊन आली. प्रश्न झाले, उत्तरं झाली. शिरीष मोजकं हसला. (मी लक्ष ठेवून होतो, प्रमाण योग्य होतं.) तरी वसूचा चेहरा दगडासारखा. ट्रे घेऊन ती आत गेली तेव्हा शैलानं तिला खुणेनं विचारलं, आणि तिनं खांदे उडवले. नानांनी ते पाहिलं. बिचारे व्याह्यांना घेऊन गॅलरीत गेले आणि अजिंक्यताऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत बसले.

हॉलमध्ये उरलो मी, शिरीष आणि आजी. शिरीषची नजर आजींच्या पायांमागं गेली. चादर तिथं जरा वर सरकली होती.

"हा... हा सबवूफर आहे?" त्यानं कुजबुजत विचारलं.

त्याचे डोळे चमकले होते. असे डोळे मी आरशात सोडून कुठेच पाहिले नव्हते!

"घरी बनवलेला!" मी म्हणालो.

"एवढा मोठा? केवढं आकारमान?"

"मुद्दाम मोठा ठेवलाय. बारा इंची स्पीकर. मगदूम अण्णांचा."

"मगदूम अण्णांचा!" शिरीष उभाच राहिला. "आमच्या गल्लीचा गणपती त्यांच्याच सामानावर वाजतो! ऐकवा ना!"

आता तुम्हीच सांगा, होणाऱ्या जावयाचा पहिला शब्द मोडायचा? मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. मी एका इंग्रजी युद्धपटाची तबकडी प्लेअरमध्ये सरकवली.

"आजी, जरा ऊठ," शिरीष म्हणाला.

"मला न्हाई उठवत. लाव की काय लावायचंय ते."

पडद्यावर रणगाडा आला. आवाज बारीक होता. शिरीषचा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर गेला.

"किती करू?"

"फिरवा!" मी म्हणालो.

"एवढा पुरे?"

"अहो, घाबरता काय? पूर्ण फिरवा!"

आणि रणगाड्यानं गोळा डागला.

मित्रहो, पुण्याला माझा चहा हलला होता, इथे सातारा हलला! निदान आमची गल्ली तरी. आवाज असा आलाच नाही, आधी जमीन आली. खिडक्यांच्या काचा किणकिणल्या, भिंतीवरचे आजोबा फ्रेमसकट तिरके झाले, फुलदाणी नाचत नाचत फरशीवर गेली आणि फुटली. आजी चादरीसकट थरथरत होत्या, त्यांच्या तोंडातून "अ-अ-अ-अ" असा एकच स्वर तुकड्यातुकड्यानं येत होता. स्वयंपाकघरात फळी निसटली आणि आधी पातेली, मग डबे, मग परात अशी सगळी भांडी शिस्तीत खाली उतरली. परात तर बराच वेळ गरगरत राहिली. मी झेप घेऊन प्लग उपटला. पण तेवढ्यात खालून शिट्टी वाजली!

"धक्काऽऽ! धक्का हाय! भाईर पडाऽऽ!"

आबांची शिट्टी म्हणजे विचार करायचा नाही. गॅलरीतून व्याही आणि नाना धावत आले आणि जिन्याकडे गेले. शैला झारा हातात घेऊन निघाली. मी? मीही पळालो! भूकंप मीच केला होता, तो मीच बंद केला होता, तरी शिट्टी ऐकून मी जिन्यावर सगळ्यांच्या पुढे होतो. मागे वळून पाहिलं तर वसूनं पदर खोचला होता, आजींना पाठुंगळी घेतलं होतं आणि दोन-दोन पायऱ्या उतरत ती येत होती. शिरीष तिच्या मागून आजींच्या चपला घेऊन धावत होता.

रस्त्यावर सगळी गल्ली जमा झाली होती. एकाच्या अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण, एकीच्या हातात लाटणं, तर एकजण आंघोळीतून ओल्या पंचावर तसाच आलेला. आबा मधोमध उभे राहून डोकी मोजत होते.

"मोठा न्हवता," ते म्हणाले, "पर लय जवळचा हुता. उभा आला, आडवा न्हाई. सर, तुमी सायन्सवाले. काय वाटतं?"

सगळे माझ्याकडे वळले. इथे मला खरं बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. पण समोर होणारे व्याही उभे होते, शैलाच्या हातात झारा होता, आणि ऐकायला पन्नास माणसं होती. पन्नास माणसं समोर दिसली की शिक्षकाचं तोंड आपोआप उघडतं.

"असं आहे," मी सुरुवात केली, "पृथ्वीच्या पोटात खडकांचे थर असतात..."

मी थर सांगितले. भेगा सांगितल्या. कोयनेचं खोरं एका काडीनं रस्त्यावर काढून दाखवलं! लोक पुढं सरकून बघायला लागले. व्याही म्हणाले, "वा! किती सोपं करून सांगता हो!"

"आवं, पेटीतनं आलं ते!" वसूच्या पाठीवरून आजी ओरडल्या. "माझ्या बुडाखालनं!"

"घाबरल्यात त्या," मी हळव्या आवाजात म्हणालो. "अशा धक्क्यात वयस्कर माणसांना भास होतात. तर काय सांगत होतो, ऊर्जा साठते..."

"भास? अरं, मी बसले हुते की वर!"

"पाणी द्या कुणीतरी आजींना!"

तेवढ्यात शिरीष पुढं आला. आजींच्या चपला अजून हातातच होत्या. कानापर्यंत लाल झाला होता.

"आबा, भूकंप नव्हता," तो म्हणाला. "वर स्पीकर आहे. बटण मी फिरवलं. चूक माझी. सगळ्यांना त्रास झाला, माफ करा."

मी हातातली काडी हळूच खाली टाकली आणि पायानं कोयनेचं खोरं पुसलं.

आबांचा चेहरा बघवत नव्हता. "म्हंजे? मला धक्का कळंना व्हय? उभी हयात धरणावर गेली माजी!" ते तरातरा वर गेले, हॉलच्या फरशीवर तळहात टेकून बसले आणि मला म्हणाले, "लावा परत." मी लावलं. (निम्म्याच आवाजात!) आबांनी डोळे मिटले. मग उठून, धोतर झटकून, म्हणाले, "व्हय. हाच हुता." आणि जिन्याकडे जाताना, "सर, यंतर झ्याक जमलंय. पर उद्या सांच्यापतुर ह्या घरातनं गेलं पायजे."

मंडळी पुन्हा वर आली, चहा घेतला आणि सांगलीला गेली. जाताना व्याही "कळवतो" एवढंच म्हणाले. आजी मात्र जिना उतरताना कुणाचा हात न धरता उतरल्या आणि खाली जाऊन म्हणाल्या, "गुडघा मोकळा झाला की गं! कितीला पडते ती पेटी?"

दुसऱ्या दिवशी पांडूनं येऊन पेटी जागेवरच कापली. फळ्या जिन्यानं गेल्या, कापूस गाद्यांत गेला आणि स्पीकर मी स्वतः सांगलीला परत नेऊन दिला. अण्णांनी माझं तोंड बघून चहा मागवला.

चार दिवसांनी आबांच्या फोनवर निरोप आला. व्याह्यांचा आवाज सगळ्या जिन्यात ऐकू येत होता. मुलगी पसंत होती, आणि सर्वांत आधी आजींना! म्हातारीला पाठीवर घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरणारी सून त्यांनी जन्मात पाहिली नव्हती म्हणे. नानांनी फोन ठेवला आणि भीत भीत वसूकडे वळले. खरी परीक्षा पुढेच होती.

"वसू, काय कळवू त्यांना?"

"हो म्हणून कळवा," वसू म्हणाली.

नाना जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. "अगं, पण तू तर त्या दिवशी खांदे उडवत होतीस! मग असं काय पाहिलंस त्याच्यात?"

"नाना," वसू म्हणाली, "स्वतःची चूक चारचौघांत लगेच कबूल करणारा पुरुष मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आपल्या घरात तर एकही नाही."

शैला माझ्याकडे बघत राहिली. नाना माझ्याकडे बघत राहिले. आबासुद्धा दारातून डोकावून माझ्याकडे बघायला लागले. "फिरवा, पूर्ण फिरवा असं मीच म्हणालो होतो" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, देवाशपथ!

पण मी ते गिळलं. कबूल केलं असतं, तर ऐन ठरलेल्या लग्नात माझी बहीण खोटी पडली असती ना!